गाडीच्या वाटेआधी पाण्याची वाट

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, तीसगाव या पट्ट्यात कुठल्याही गल्लीतून चालत जा आणि गेटच्या आत डोकावून बघा. गेटपासून पोर्चपर्यंत टाकलेलं काँक्रीट मधोमध तडकलेलं असतं, कुंपणाकडची कड वर आलेली असते आणि गेट उघडताना जमिनीला घासतं. घरमालक म्हणतो, ठेकेदारानं सिमेंट खाल्लं. मिस्तरी म्हणतो, इथली जमीनच तशी आहे. बहुतेक वेळा मिस्तरीचं म्हणणं खरं असतं. पंचाईत एवढीच, की हे तो काम झाल्यावर सांगतो.

1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, पाठोपाठ इतर कारखाने आले आणि आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पडत गेले. म्हणजे आपल्या पार्किंगखाली बऱ्याच ठिकाणी कापसाची काळी जमीन आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा दिसतात, त्या याच आक्रसण्याच्या. पार्किंगच्या काँक्रीटखाली मधली माती बऱ्यापैकी एकसारख्या ओलीत राहते, पण कडेची माती दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात बसते. पाच इंचाचा थर ही ओढाताण किती वर्षं सोसणार? वर कितीही सिमेंट ओतलं तरी या हालचालीवर त्याचा इलाज नाही. म्हणून खर्चाचा विचार खालून सुरू करावा.

कामाला हात घालण्याआधी दोन ठिकाणी, एक गेटजवळ आणि एक पोर्चजवळ, तीन फूट खोल खड्डा घेऊन बघा. दीड-दोन फुटांवर पिवळसर किंवा तांबूस मुरूम लागला तर तुम्ही नशीबवान. काळी माती सगळी काढा आणि मुरमावर बसा. तीन फुटांपर्यंत काळीच लागली तर सगळी काढणं परवडत नाही, पण निदान वरची दीड-पावणेदोन फूट काढून मुरूम भरला तर हालचाल पुष्कळ कमी होते. तिसरी शक्यता अधिक वाईट: प्लॉट उंच करताना कुणीतरी विटांचा चुरा, प्लास्टिकच्या पिशव्या, लाकडं आणि माती मिळून भर टाकलेली असते. ही भर वर्षानुवर्षं बसत राहते. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खड्डा घेतलाच आहे तर खाली काय काय गाडलेलं आहे तेही शोधा. आपल्याकडे पाण्याचा हौद बऱ्याच घरांत नेमका पार्किंगखाली असतो, शौचालयाची टाकीही तिथेच कुठेतरी. या टाक्यांच्या स्लॅबवर माणसं चालणं वेगळं आणि चारचाकी उभी राहणं वेगळं. हौदाचा स्लॅब गाडीच्या वजनासाठी केलेला नसेल तर वरून नवं काँक्रीट ओतून तो मजबूत होत नाही, उलट त्याच्यावरचा भार वाढतो. अशा वेळी अभियंत्याला दाखवून तेवढा स्लॅब नव्यानं करून घ्यावा आणि त्याच्याभोवती सांधा ठेवून बाकीचं काँक्रीट वेगळं ठेवावं. नळाची लाइन, सांडपाण्याचे चेंबर, बोअरची केबल यांची जागा एका कागदावर काढून ठेवा. दोन-तीन रिकामे पीव्हीसी पाइप आडवे टाकून त्यांची तोंडं बंद करून ठेवायला खर्च फारसा येत नाही. पुढे बागेला पाणी न्यायचं असो की गाडी चार्ज करायला केबल ओढायची असो, केलेलं काम फोडावं लागत नाही.

आता पाणी कुठे जाणार ते ठरवा. छत्रपती संभाजीनगर परिसरात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो चार महिन्यांत आणि बऱ्याचदा मोजक्या झोडपणाऱ्या सरींत पडतो. उतार घरापासून बाहेरच्या दिशेनं, दर फुटाला पाव इंच ठेवावा. 25 फूट लांबीच्या पार्किंगला हा फरक सव्वासहा इंचांचा होतो. कागदावर तो छोटा वाटतो, पण जोत्याची आणि गेटची पातळी आधी पाण्याच्या नळीनं मिळवली नसेल तर शेवटी बसत नाही. मग मिस्तरी पोर्चपाशी सपाट आणि गेटपाशी एकदम घसरण करून वेळ मारून नेतो. गल्लीतला रस्ता दर काही वर्षांनी नव्या थरानं वर येत जातो, याचाही हिशेब धरा. रस्ता आत्ताच घराच्या पातळीजवळ आला असेल तर गेटच्या आत आडवी नाली करून तिच्यावर लोखंडी जाळी बसवा, म्हणजे बाहेरचं पाणी आत शिरण्याआधी तिथेच अडेल. ते पाणी शोषखड्ड्यात सोडता आलं तर फारच छान, फक्त खड्डा पार्किंगच्या कडेला लागून नको. काळ्या मातीत शेजारीच पाणी मुरवणं म्हणजे आपणच फुगवट्याला आमंत्रण देणं. याच कारणानं काँक्रीटच्या कडेला चिकटून फुलझाडांचा वाफा करू नये. एका बाजूला रोज पाणी आणि दुसरी बाजू कोरडी राहिली की कड उचलली जाते. आणि गेटबाहेरचा रॅम्प करताना सरकारी गटार बुजवू नका. खाली पुरेशा व्यासाचा सिमेंट पाइप टाका किंवा उचलता येतील अशी झाकणं बसवा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात शेजारी तुमच्या दारात उभे असतील.

खोदाई काँक्रीटच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे, जागा असेल तिथे, एक फूट जास्त घ्यावी. मग मुरूम. क्रशरवरून किंवा खाणीवरून येणारा सगळाच मुरूम कामाचा नसतो. मूठभर ओला करून तळव्यावर वळून बघा. शेवयांसारखी वळी होत असेल तर त्यात मातीच जास्त आहे, ती गाडी परत पाठवा. चांगला मुरूम खरबरीत असतो, दाबल्यावर घट्ट बसतो पण हाताला चिकटत नाही. तो एका दमात फूटभर पसरून वरून रोलर फिरवला तर वरचे चार इंच दाबले जातात, खालचा भुसभुशीतच राहतो. सहा-सहा इंचांचे थर करा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि प्लेट कॉम्पॅक्टर किंवा छोटा रोलर भाड्यानं आणून दाबा. धुमसानं चोपणं ही कोपऱ्यांपुरती गोष्ट. दाबून झाल्यावर टाच जोरात आपटली तर खूण उमटू नये. त्यावर चार ते सहा इंच खडी आणि कच मिसळलेला थर, तोही दाबलेला. डबराचं सोलिंग करायची आपल्याकडे रीत आहे, तेही चालतं, फक्त दगडांमधल्या पोकळ्या मुरूम आणि बारीक खडीनं नीट भरल्या पाहिजेत. त्या तशाच राहिल्या तर वरच्या काँक्रीटचा रस खाली झिरपतो.

एक उदाहरण धरून आकडे मांडू: 10 फूट रुंद, 25 फूट लांब. दाबलेला फूटभर मुरूम म्हणजे अडीच ब्रास, पण सुटा मुरूम दाबल्यावर कमी होतो, म्हणून सव्वातीन ब्रास मागवा. त्यावरच्या खडीच्या थराला सुमारे सव्वा ब्रास. काँक्रीट पाच इंच धरलं तर सुमारे 104 घनफूट, म्हणजे जवळजवळ तीन घनमीटर. हातानं माल करायचा असेल तर एकास दीडास तीन या प्रमाणात सिमेंटच्या 24 गोण्या, वाळू 44 घनफूट आणि खडी 88 घनफूट लागते. हे आकडे पाठ असले की ठेकेदारानं 14 गोण्यांत काम उरकलं तर तुम्हाला त्याच संध्याकाळी कळतं, दोन वर्षांनी नव्हे.

जाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुरूम वरच लागत असेल आणि गाडी छोटी असेल तर चार इंच पुरतात. काळ्या मातीवर पाचाच्या खाली जाऊ नका. काळ्या मातीवर लोखंडी जाळीही घालाच. आठ एमएमच्या सळया दोन्ही दिशांना आठ-आठ इंचांवर बांधल्या तर आपल्या उदाहरणाला साधारण शंभर किलो लोखंड लागतं. जाळीनं तडा थांबत नाही, पण पडलेला तडा उघडत नाही आणि त्याच्या दोन बाजू वर-खाली होत नाहीत. मात्र ती थराच्या वरच्या अर्ध्यात, माथ्यापासून दोन इंचांवर असली पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं? जाळी जमिनीवर अंथरतात, बिगारी तिच्यावर चालतात आणि काँक्रीट ओतताना कुणीतरी लोखंडी आकड्यानं ती थोडी वर ओढल्यासारखी करतं. तळाशी पडलेली ती जाळी म्हणजे मातीत गाडलेले पैसे. अडीच इंच उंचीचे कव्हर ब्लॉक आधीच करून घ्या आणि तीन-तीन फुटांवर ठेवा.

वाळू आता बहुतेकांकडे क्रशरचीच येते आणि त्यात कमीपणा काही नाही. दख्खनच्या काळ्या दगडाची खडी आणि वाळू काँक्रीटला उत्तम. फक्त ‘क्रश सँड’ म्हणून डस्ट गळ्यात मारली जात नाही ना ते बघा. काचेच्या ग्लासात वाळू आणि मिठाचं पाणी घालून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला बारीक गाळ वाळूच्या थराच्या बाराव्या भागापेक्षा जाड असेल तर ती वाळू धुऊन घ्या किंवा परत करा. नदीची वाळू कुणी आणून दिलीच तर ही परीक्षा अधिकच गरजेची.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मालात घातलेल्या पाण्यानं. पातळ काँक्रीट फावड्यानं सहज पसरतं, म्हणून बिगारी पाइप थेट मिक्सरमध्ये सोडतो. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि आपल्यामागे बारीक छिद्रं सोडतं. माल कमजोर होतो, जास्त आक्रसतो, वरून भुकटी सुटते. एम-20 च्या, म्हणजे वरच्या एकास दीडास तीन या ठरावीक प्रमाणासाठी आयएस 456 या भारतीय मानकात 50 किलोच्या गोणीला 30 लिटर ही पाण्याची कमाल मर्यादा आहे. पार्किंगसाठी मी 25 लिटरवर ठाम राहायला सांगेन. वाळू ओली असेल तर त्याहून कमी, आणि माल घट्ट वाटत असेल तर डब्यावरच्या प्रमाणानुसार प्लास्टिसायझर घाला. मापाची एक बादली मिक्सरशेजारी ठेवा आणि पाइप तिथून दूर न्या. खडी आणि वाळू घमेल्यानं मोजू देऊ नका. सव्वा घनफुटाचा लाकडी फर्मा म्हणजे एक गोण, तो वापरा. पाणी पिण्याजोगं असावं. बोअरचं खारं पाणी लोखंड असलेल्या काँक्रीटला चालत नाही. आयएस 456 मध्ये क्लोराइडची मर्यादा लोखंडासह लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, लोखंडाशिवाय 2000. औद्योगिक वसाहतीजवळ असल्यामुळे ज्या टँकरचं पाणी कुठून भरलं ते माहीत नाही, तो टँकर मालासाठी नकोच.

तयार काँक्रीटचा, म्हणजे आरएमसीचा, पर्याय चांगला आहे. त्यात एम-25 ठरवून मागता येतं आणि प्रमाणाचा वाद राहत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. ट्रान्झिट मिक्सरमध्ये सहसा सहा घनमीटर माल येतो आणि आपल्याला लागतो तीन. छोट्या मागणीला प्लांटवाले जादा पैसे लावतात. शेजाऱ्याचंही काम त्याच दिवशी काढलं तर दोघांचं भागतं. दुसरी अडचण वेळेची. माल भरल्यापासून साधारण दोन तासांत उतरायला हवा आणि नगर रोडवर शिफ्ट सुटण्याच्या वेळी गाडी अडकली तर तेवढा वेळ रस्त्यातच जातो. सकाळी लवकरची वेळ मागा, गल्लीतली वळणं आणि वरच्या विजेच्या तारा आधी बघून ठेवा. गाडी आल्यावर चालकाला ‘जरा पाणी सोड’ असं म्हणणारा माणूस आपल्याच बाजूचा असतो, त्याला आवरा.

हे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावं. जमीन तोवर बऱ्यापैकी सुकलेली असते आणि ऊन सोसवणारं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, वारा कोरडा असतो आणि ओतल्यावर तासाभरातच माथ्यावर केसासारख्या भेगा उमटतात. तेव्हा करावंच लागलं तर उन्हं कलल्यावर सुरू करा, वाऱ्याच्या बाजूला हिरवी शेडनेट बांधा, खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारा.

ओतण्याआधी खडीच्या थरावर 125 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा. काँक्रीटचं पाणी खाली जात नाही आणि आक्रसताना थराला सरकायला वाव मिळतो. घराच्या भिंतीला, खांबांना आणि चेंबरला लागून अर्धा इंच थर्मोकोलची पट्टी उभी करा. काँक्रीट घराला चिकटलं तर कधीतरी एकमेकांना ओढतं. सांध्यांचं म्हणाल तर, आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ठरावीक अंतरानं आडव्या रेघा दिसतात, त्या उगीच पाडलेल्या नाहीत. काँक्रीट आक्रसणार, तडा पडणारच. तो आपण ठरवू तिथे सरळ रेषेत पडावा म्हणून हा काप असतो. पाच इंच जाडीला दहा फुटांवर काप हवा. आपल्या पार्किंगला 25 फुटांत तीन भाग करा, आठ-सव्वाआठ फुटांचे, आणि जाळी तिथे तोडून ठेवा. काप जाडीच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे सव्वा इंच खोल असावा. कटर भाड्यानं मिळतो आणि हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी काप घेतला तर चालतं. उन्हाळ्यात मात्र त्याच रात्री घ्यावा लागतो, कारण उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच जागा निवडतं. कटर मिळाला नाही तर एकाआड एक भाग भरावेत, हा जुना आणि भरवशाचा मार्ग.

ओतलेला माल व्हायब्रेटरनं बसवा, मोठ्या रंध्याच्या पट्टीनं ओढून पातळीत आणा आणि मग थांबा. माथ्यावर पाण्याची चकाकी येते. ती गेल्याशिवाय थापी लावायची नाही. आपल्या मिस्तरींना कोब्याची सवय असते. कोरडं सिमेंट शिंपडायचं आणि आरशासारखं घोटायचं. पार्किंगला ही सवय मारक आहे. वरचा सिमेंटचा पापुद्रा वर्षभरात सुटतो आणि पहिल्या पावसात दुचाकी घसरते. लाकडी रंध्यानं सारखं केल्यावर नायलॉनचा झाडू किंवा खराटा उताराला आडवा, एकाच दिशेनं फिरवा. दिसायला साधं दिसतं. पाहुणे ‘फिनिशिंग राहिलं का?’ असं विचारतील, विचारू द्या.

मग पाणी मारणं. इथे पाण्याची टंचाई नवी नाही, जायकवाडीचं पाणी नळाला रोज येतंच असं नाही, आणि म्हणून हेच काम आधी कापलं जातं. सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी उडवून भागत नाही. दुपारी माथा वाळला की तोवरचं बरंचसं वाया जातं. उतारामुळे वाफे करून पाणी साठवणंही जमत नाही. तरट अंथरा, ते भिजवा आणि वरून प्लास्टिक कागद टाकून कडेला विटा ठेवा. अशा आच्छादनाखाली ओल टिकते आणि रोज थोडंच पाणी लागतं. आयएस 456 नुसार कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस. हल्ली मिळणारं पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट हळू ताकद धरतं, त्याला 14 दिवस द्यावेत. तिसऱ्या पाळीहून आलेला मुलगा झोपेत गाडी आत घालेल, म्हणून गेटला दोरी बांधा. दोन दिवसांनी चालायला हरकत नाही, दुचाकी आठवड्यानं, चारचाकी दोन आठवड्यांनी. 28 दिवस झाल्यावर सांध्यांतली धूळ ब्रशनं काढून त्यांत सीलंट भरा, म्हणजे पावसाचं पाणी त्या वाटेनं मातीत उतरणार नाही. पाण्याचा टँकर मात्र कधीच आत घेऊ नका. 10,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच 10 टन असतं. त्याला रस्त्यावर उभं करून हौदापर्यंत पाइप ओढा.

काळी माती काढायला पैसे नसतील, तर घाईनं काँक्रीट टाकण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक बरे. 60 मिलिमीटरचे चांगले ब्लॉक दाबलेल्या खडीवर आणि वाळूच्या थरावर बसवले तर जमीन हलली तरी चार ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. तडकलेल्या जुन्या काँक्रीटवर दोन इंचांचा नवा थर टाकून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. तो थर एका उन्हाळ्यात पोकळ वाजायला लागतो.

ठेकेदाराशी ठरवताना दर फुटाचा भाव एवढंच लिहू नका. खोदाईची खोली, दाबलेल्या मुरमाचे थर, काँक्रीटची जाडी, गोण्यांची संख्या किंवा आरएमसीची ग्रेड, जाळी, काप कुणी घ्यायचे आणि 14 दिवस तरट कोण भिजवणार, हे सगळं कागदावर यावं. फळ्या लावल्यावर, ओतण्याच्या आदल्या दिवशी, दोरी ताणून पाच-सहा ठिकाणी खोली स्वतः मोजा. शेवटचा हप्ता राखून ठेवा. पावसाळ्यापर्यंत कुणी ठेकेदार थांबत नाही, म्हणून तरट काढल्यावर त्याच्यासमोर पोर्चच्या टोकाला पाइप सोडा. पाणी गेटपर्यंत जाऊ द्या, पाइप बंद करा आणि दहा मिनिटांनी जिथे रुपयापेक्षा मोठं डबकं दिसेल तिथे खडूनं गोल काढा. त्या गोलांचं काय करायचं ते ठरलं की पैसे द्या.